तुळशीरामभाऊंचा आग्रह

तुमच्या भागात भारी जेवायला कुठं जायचं, असा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतोच. विचारणारा बहुतेक नागपूरच्या पलीकडचा असतो. ताडोब्याचं बुकिंग झालेलं असतं आणि वाघाइतकीच त्याला रात्रीच्या जेवणाची काळजी असते. मी हॉटेल लाइनमधली, मूळची नागभीडची, म्हणून मला विचारतात. मीही दोन-तीन नावं सांगते. तिथं दिवे मंद आहेत, नॅपकिन कापडी आहेत, ताटलीत फूल ठेवून देतात. जा, जेवा, फोटो काढा. पण तिथं वाढायला कोण आहे, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. मलाही कधी तो प्रश्न पडला नव्हता. असा वाढणारा माणूस माझ्या वाट्याला आपोआप आला, आणि पहिले सहा महिने मी त्याच्या नावानं बोटंच मोडत होते.

तुळशीराम कोडापे हे आमच्या रेस्टॉरंटचे कॅप्टन. मी सुपरवायझर, म्हणजे कागदावर त्यांची साहेब. आमचं रिसॉर्ट ताडोब्याच्या बफरला, म्हणजे कडेच्या जंगलाला, लागून होतं आणि रेस्टॉरंट तिथल्या टेकाडावर. त्याचं नाव इंग्रजीत होतं आणि उच्चारायला कठीण होतं, म्हणून आम्ही सगळे त्याला 'वरचं' म्हणायचो. भाऊ आले होते बगिच्याच्या कामावर. मालकांनी त्यांना खोऱ्यानं माती ओढताना पाहिलं. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, ताठ कणा. मालक मुंबईचे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी भाऊंना बंद गळ्याचा कोट चढवला आणि वर उभं केलं. कॅप्टन झाल्याची बातमी गावात गेली तेव्हा त्यांचे मेहुणे सायकल मारत आले आणि मला बाजूला घेऊन विचारते झाले, "बंदूक कधी देते जी यायले?"

मालकांना मिशा हव्या होत्या. मिशांच्या मागे काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की भाऊ आजूबाजूच्या पाच गावांचे ठरलेले वाढपी आहेत. लग्न जुळलं की मांडववाल्याच्या आधी त्यांना तारीख विचारत. वरणाची बादली घेऊन ते पंगतीत उतरले की बाकीचे वाढपी आपोआप भाताकडं सरकत. भाऊ माणसाच्या तोंडाकडं कधी पाहत नसत. त्यांची नजर पानावर. पाहुणे त्यांना नावानं आठवत नसत, भुकेनं आठवत. "ते मागच्या हप्त्यातले चार पोळ्यावाले साहेब," किंवा "ती बाई नाई का, जिनं लोणच्यासंगच अर्धा भात खाल्ला." आणि मग मला रजिस्टर उघडून त्या बाई कोण ते शोधावं लागे.

एकदा दुपारी नॅपकिनच्या घड्या घालताना त्यांनी मला त्यांचं शास्त्र सांगितलं होतं. "बाई, जेवणारा 'नाई' म्हणते ना, ते नाई लय परकारचं रायते. एक लाजेचं नाई. ते नव्या जवायाचं. त्याले दोनदा इचारा लागते. एक बायको बाजूले बसली म्हून म्हटलेलं नाई. तिची मान तिकडं फिरली का टाकून द्याचं. एक रागाचं, मानपान राह्यला रायते त्याचा. त्याले वाढाचं नाई, त्याच्यापाशी जाऊन बसाचं. अन् एक खरं नाई. तिथी थांबाचं. खऱ्या नाईले जो वाढते तो वाढपी नोहे, तो दुश्मन होय."

"आणि ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"वळखू येते," ते म्हणाले, आणि घडी घालू लागले. माझ्या हॉटेल मॅनेजमेंटच्या तीन वर्षांत हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि खरं सांगते, तेव्हा मला ते शिकण्यासारखं वाटलंही नव्हतं.

आता अशा माणसाला मालकांनी कुठं उभं केलं पाहा. वरच्यामध्ये नऊ ताटल्यांचं जेवण होतं. एकेक ताटली भाकरीच्या परातीएवढी आणि मधोमध दोन घास. पुण्याचा शेफ होता, हुशार पोरगा, आमच्याच मातीतले पदार्थ घेऊन काय काय करायचा. लाखोळीच्या डाळीचा फेस, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब आणि त्यांच्यावर धूर, कोचईच्या म्हणजे अळूच्या पानाची वडी नखाएवढी कापलेली. ट्रेनिंगच्या दिवशी त्यानं पहिली ताटली भाऊंच्या समोर ठेवली आणि दहा मिनिटं समजावून सांगितलं. भाऊंनी हात मागं बांधून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "नमुना चांगला हाय. आता आणा."

शेफला वाटलं ते थट्टा करतात. भाऊंनी जन्मात थट्टा केली नव्हती.

खरी अडचण वेगळी होती. त्यांच्याकडं पंगतीचा एक नियम आहे. पान रिकामं दिसलं तर ती वाढप्याची लाज. पाहुणा पानात थोडं ठेवून थांबला तर समजायचं, पोट भरलं. आता दोन घासांची ताटली कोणीही रिकामीच करणार. भाऊंना खोलीभर रिकामी ताटं दिसत आणि त्यांच्या जिवाची तगमग होई. पहिल्या महिन्यात नागपूरचं एक डॉक्टर जोडपं आलं. दुसरीच ताटली त्यांनी पुसून खाल्ली. झालं. भाऊ आत गेले, शेफची पाठ फिरलेली पाहून डाळीच्या फेसाचं सगळं पातेलंच बाहेर घेऊन आले आणि पळीनं वाढायला लागले. डॉक्टर भिडस्त. नको नको म्हणत खात राहिले. तिसऱ्या ताटलीला तेच, चौथीला तेच. पाचव्या ताटलीला डॉक्टरीणबाई माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "आम्हाला खोलीवर जाऊ द्या." नवव्या ताटलीतलं मोहाचं गोड, ज्यासाठी ते नागपूरहून आले होते, ते तसंच परत गेलं.

मी भाऊंना आत नेऊन झापलं. ते खाली मान घालून म्हणाले, "पण बाई, ताट कोरडं होतं."

"कोरडंच असतं इथं. त्याचेच पैसे देतात."

"उपाशी राह्याचे?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या हातातली पळी काढून घेतली.

तक्रार मालकांपर्यंत गेली. मालकांनी सांगितलं, पुन्हा एकदा जरी कोणाला जबरदस्तीनं वाढलं तर कोट काढायचा आणि गेटवर काठी घेऊन बसायचं. भाऊंना गेटची लाज नव्हती. पण गेटवर कोणाच्या पानाकडं पाहायचं? ज्या माणसाचं सगळं शहाणपण वाढण्यात, त्याला काठी देऊन काय उपयोग? त्या दिवसापासून ते हात पाठीमागं घट्ट धरून उभे राहू लागले. पाहुण्यांना वाटे, काय ऐट आहे. मला मागून दिसायचं, डाव्या हातानं उजव्याचं मनगट आवळलेलं असायचं.

हात बांधले तरी डोळे थोडेच बांधले होते? सफारीच्या जिप्सी परत आल्या की ते वरूनच सांगत, आज भात किती लागेल. वाघ दिसलेली माणसं कमी जेवतात, कारण ती बोलत बसतात. वाघ न दिसलेली रागारागानं जेवतात. अस्वल दिसलेल्यांचं काही सांगता येत नाही. शेफ आधी हसला, मग गुपचूप त्यांना विचारून तांदूळ धुवायला लागला.

असं वर्ष गेलं. मग एके दिवशी मालकांचा फोन आला. मुंबईच्या कुठल्याशा मासिकाची यादी निघणार होती, विदर्भात मुद्दाम जाऊन जेवावं अशा जागांची. चाखणारी बाई त्या आठवड्यात आमच्याकडं येणार होती, नाव न सांगता. यादीत आलो तर ठीक, नाहीतर नऊ ताटल्या बंद आणि बुफे सुरू. शेफनं दाढी करणं सोडलं. मी सगळ्या काचा दोनदा पुसून घेतल्या. भाऊंना मी बजावलं, "एक चमचा जास्त वाढायचा नाही. बोलायचं नाही. ताटली ठेवायची, ताटली उचलायची."

"हो जी," ते म्हणाले.

बाई ओळखू आल्या. एकट्या होत्या, फोटो काढला नाही, आणि प्रत्येक ताटलीचा आधी वास घेतला. साठीच्या पुढच्या, सडपातळ, थकलेल्या. पहिली ताटली अर्धी खाल्ली, अर्धी ठेवली. दुसरी तशीच. ही त्यांची कामाची रीत होती. आठवडाभर रोज कुठं ना कुठं चाखायचं म्हटल्यावर सगळं संपवून कसं चालेल. मला ते माहीत होतं, शेफला माहीत होतं. भाऊंना कोण सांगणार? मी त्यांना जास्त वाढू नका एवढंच सांगितलं होतं. चौथी ताटली अर्धी राहिली तेव्हा मी दारात होते. शेफ पाचवी घेऊन तयार होता. एवढ्यात भाऊ दुसऱ्या दारानं आत आले. हातात पितळी घंगाळ, तांब्या आणि खांद्यावर पंचा.

ते बाईंच्या बाजूला वाकले आणि म्हणाले, "हात धुवा बाई. झालं तुमचं."

बाईंनी वर पाहिलं. "अजून पाच पदार्थ आहेत ना?"

"हायेत. पण तुमचं पोट भरलं. चारही ताटल्यात तुमी अर्धं ठेवलं. चपला काढून पाय मोकळे केले. आता जे खासान ते आमच्या भिडेखातर. भरल्या पोटी पाहुण्याले वाढू नये, बाई."

शेफ पाचवी ताटली घेऊन तिथंच खांबासारखा उभा. बाईंनी दोन्ही हात पुढं केले. भाऊंनी पाणी घातलं. पंच्याला हात पुसत त्या म्हणाल्या, "आठवडा झाला, मला झोप नाही. रोज कोणीतरी अजून एक आणतंच आहे." भाऊ आत गेले आणि ओव्याचं गरम पाणी घेऊन आले. ते मात्र त्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कोट निघाला. भाऊ गेटवर गेले. मी मालकांशी भांडले असं सांगायला मला आवडलं असतं, पण मी भांडले नाही. मलाही त्यांचा राग आला होता. वर्षभराची मेहनत एका घंगाळात बुडवली, असं मी शेफला म्हणाले. भाऊ गेटवर काठी घेऊन बसत आणि आत येणाऱ्या गाडीवाल्यांना विचारत, "जेवून आले का?"

तीन आठवड्यांनी यादी आली. आम्ही तिच्यात होतो. आमच्याबद्दल चारच ओळी होत्या. शेफच्या नऊ ताटल्यांपैकी एकीचंही नाव नव्हतं. इथं तुमच्या ताटाकडं पाहणारा एक माणूस आहे आणि तो तुम्हाला वेळेवर थांबवतो, असं लिहिलं होतं. शेफ दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मालक त्याच संध्याकाळी मुंबईहून निघाले आणि स्वतः गेटवर जाऊन त्यांनी भाऊंच्या हातातली काठी घेतली. भाऊंना वाटलं, आता हेही गेलं.

उलट झालं होतं. आता त्यांना वाढायची पूर्ण मोकळीक होती. मोकळीक कसली, हुकूम होता. मेनू नवा छापला. पाचव्या ताटलीच्या जागी लिहिलं, 'आग्रह, कॅप्टन तुळशीराम यांच्या हातून'. भाऊंनी डोक्याला फेटा बांधायचा, भाताचं पातेलं घेऊन यायचं, प्रत्येक पाहुण्याला तीनदा आग्रह करायचा. तिसऱ्या वेळी पळी जरा वर धरायची, फोटो येईपर्यंत. शेवटी घंगाळ. जेवणाऱ्यांनी नाही नाही म्हणायचं, हेही आता सगळ्यांना माहीत झालं होतं. लोक घरून ठरवून येत. माना वेळावून, हात जोडून, ताटावर आडवे पडून नाही म्हणत आणि बाजूची माणसं मोबाइल धरून हसत. टेबलं भरली. मी खूश होते. भाऊही पहिले काही दिवस खूश दिसले. वर्षभर आवळलेलं मनगट सुटलं होतं ना.

महिनाभरानं माझ्या लक्षात आलं की ते ताटाकडं पाहत नाहीत. मोबाइलकडं पाहतात.

आणि मग ते आजोबा आले. मुलाच्या कुटुंबासोबत ब्रह्मपुरीहून आले होते, सुनेचा वाढदिवस होता. भाऊंनी भात पुढं केला. आजोबा म्हणाले, "नको." सगळे हसले. भाऊंनी दुसऱ्यांदा विचारलं. आजोबा म्हणाले, "खरंच नको हो." सगळे आणखी हसले. तिसऱ्यांदा पळी वर गेली, फोटो निघाला आणि भात ताटात पडला. आजोबांनी लेकासुनेकडं पाहिलं आणि तो भात मुकाट्यानं खाल्ला. थोड्या वेळानं ते बाहेर गेले. भाऊ मागोमाग गेले. पायरीच्या खाली, मोगऱ्याच्या वाफ्यात आजोबांना उलटी झाली. भाऊ पाठीवर हात फिरवत होते.

सकाळी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. कोटाची नीट घडी केलेली, वर फेटा.

"बाई, त्या बुढ्यानं माझी माफी मागतली," ते म्हणाले. "म्हणे, तुमचा बगिचा खराब केला."

मी म्हटलं, "भाऊ, होतं असं कधीकधी. मनावर घेऊ नका."

"त्याचं नाई खरं होतं. पह्यलंच खरं होतं. मले वळखू नाई आलं." त्यांचा आवाज साधाच होता, पण मला त्यांच्याकडं पाहवेना. "आता सारेच खोटं नाई म्हणते इथी. मी आयकून आयकून खऱ्या नाईचा कान गमावून बसलो. नोकरी काय, आज हाय उद्या नाई. पण मी गावात पंगतीले उतरन अन् असंच कोणाच्या पानात टाकन, तर मले कोण म्हणन वाढपी?"

मी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. पगार वाढवून घेऊ म्हटलं, मोबाइल बंद करायला लावू म्हटलं. ते ऐकून घेत होते. मी विचारलं, "आता करणार काय?"

"दोन-चार लग्नं बिनावाढता बसतो पंगतीत," ते म्हणाले. "पाहतो लोकाइकडं. वळखणं आलं वापस तर आलं." कोट टेबलावर ठेवून ते निघाले. इतका राग मला मालकांचा कधी आला नव्हता, आणि स्वतःचाही. मेनूवरची ती ओळ मीच छापखान्यात तपासून आणली होती.

मालकांनी दुसरा उंच माणूस शोधला. मिशा त्याला वाढवायला लावल्या. मी पुढच्या सीझनआधी ती नोकरी सोडली.

मे महिन्यात भाऊंच्या पुतण्याचं लग्न होतं. पत्रिका द्यायला मेहुणे आले, तेच सायकलवाले. मी स्कूटीवर गेले. रस्ता चुकले, टायर पंक्चर झालं, आणि पोचले तेव्हा उन्हानं डोकं भणभणत होतं. सकाळचा चहा सोडला तर पोटात काही नव्हतं. लोक हात जोडून जोहार करत पुढं आले, पाणी दिलं आणि मला थेट चालू पंगतीत बसवलं. मांडवात पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. भाऊ वाढत असतील का नसतील, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मग पंगतीच्या पार टोकाला ते दिसले. धोतर, बनियन, हातात भाताचं टोपलं. तोंडाकडं पाहत नव्हते.

माझ्या बाजूला एक जाडजूड मावशी बसल्या होत्या. त्यांनी भाऊ दूर असतानाच हात हलवायला सुरुवात केली. "नोको जी, नोको, पोट फुटन आता." सगळ्या बायका हसल्या. मला वाटलं, आता पडतो मावशींच्या पानात ढीग. भाऊ आले, पानाकडं पाहिलं आणि न वाढता पुढं सरकले. मावशींनी पदरानं घाम पुसला आणि सुटकेचा श्वास टाकला.

मग माझ्यासमोर थांबले. आधी कोणी वाढून गेलेला मूठभर भात मी केव्हाच संपवला होता. पाहुणी बाई, हॉटेलवाली, हावरट दिसायला नको म्हणून मी हसून म्हटलं, "बस भाऊ, झालं माझं." आणि पत्रावळीवर हात आडवा धरला.

ते पुढं गेले नाहीत. टोपलं कमरेशी धरून उभे राहिले.

"हात काढा, बाई," ते म्हणाले.

मी हात काढला. त्यांनी दोनदा भरभरून भात घातला, मागून येणाऱ्या वरणवाल्याला डोळ्यानंच खूण केली आणि पुढच्या पानाकडं गेले. मला आनंदानं रडूच कोसळलं, पण भूक इतकी लागली होती की मी तशीच जेवायला लागले.